जोडी शोधण्याची रीत



संगणकास आज्ञा लिहून देण्याच्या विद्येस आज ‘कोडिंग’ म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही विद्या उच्च प्राथमिक वर्गांच्या दारापर्यंत आणून ठेविली आहे. ज्या शाळेत संगणक एकच असेल, किंवा वीज वेळेवर नसेल, तेथील शिक्षकाच्या मनात हा विषय शिकवावा कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या विद्येचा आरंभ यंत्रापासून होत नाही, तो विचाराच्या शिस्तीपासून होतो; आणि ती शिस्त सहा मुले, सहा पाट्या व खडूचा एक तुकडा एवढ्या साहित्यावर शिकविता येते.

नवशिक्यांस आरंभी घातले जाणारे एक कोडे असे आहे. संख्यांची एक ओळ दिलेली असते. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘ॲरे’ म्हणतात. ओळीतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज सांगितलेल्या संख्येइतकी होते, ते शोधावयाचे असते. शिक्षकाने सहा मुले ओळीने उभी करावी आणि त्यांच्या पाट्यांवर ८, ३, ११, ५, ९, ६ या संख्या लिहाव्या. बेरीज १४ हवी. वर्गातून लगेच आवाज येतो, ‘पाच आणि नऊ!’ दुसरा म्हणतो, ‘आठ आणि सहा!’ मग वर्ग शांत होतो. ‘आणखी जोडी आहे काय?’ असे विचारता उत्तर मिळते, ‘नाही, गुरुजी.’ तेव्हा शिक्षकाने एवढेच विचारावे, ‘कशावरून?’ खरा पाठ येथे सुरू होतो; कारण तीन आणि अकरा ही जोडी सर्वांच्या नजरेतून सुटलेली असते.

आता रीत पाहावी. पहिल्या मुलाने आपली पाटी घेऊन पुढील प्रत्येक मुलासमोर क्रमाने उभे राहावे, बेरीज मोठ्याने सांगावी, आणि शेवटच्या मुलापर्यंत जाऊन आपल्या जागी परत यावे. मग दुसऱ्याने निघावे, मग तिसऱ्याने. एका मुलाचे हे चालणे म्हणजे आतील फेरी. एकामागून एक मुलाची पाळी येणे ही बाहेरील फेरी. आतील फेरी पुरी झाल्यावाचून बाहेरील फेरी एक पाऊलही सरकत नाही. घड्याळाचा मिनिटकाटा पुरा फिरून येतो तेव्हा तासकाटा एक घर पुढे गेलेला असतो, तसेच हे आहे. फेरीच्या पोटात फेरी, यालाच संगणकाच्या भाषेत ‘नेस्टेड लूप’ असे नाव आहे.

या रीतीत मुले दोन चुका हटकून करतात, आणि दोन्ही चुका मोलाच्या आहेत. पहिली अशी की, प्रत्येक मूल ओळीच्या आरंभापासून चालू लागते. मग ८ व ६ ही जोडी एकदा मिळते आणि ६ व ८ अशी पुन्हा मिळते. तीन जोड्यांच्या सहा होतात. दुसरी चूक दिसण्यासाठी बेरीज १० मागावी. पाच लिहिलेला मुलगा स्वतःलाच जोडीदार समजतो आणि ‘पाच आणि पाच’ म्हणतो. ओळीत पाच तर एकच आहे! शिक्षकाने ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नये. ही जोडी दोनदा का आली, हा मुलगा स्वतःशी कसा जुळला, हे मुलांनाच शोधू द्यावे. उपाय त्यांच्याच तोंडून येतो: प्रत्येकाने आपल्या पुढच्या मुलापासूनच चालावयास आरंभ करावा. एवढ्या एका नियमाने दोन्ही दोष नाहीसे होतात.

फळ्यावर हिशेब मांडला की हे अधिक स्पष्ट होते. सरसकट सहा गुणिले सहा म्हणजे ३६ भेटी होतात. स्वतःच्या स्वतःशी सहा भेटी वजा केल्या की ३० उरतात. प्रत्येक जोडी दोनदा आली म्हणून निम्मे केले की १५ राहतात. पाच, चार, तीन, दोन आणि एक यांची बेरीजही तेवढीच. यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांमधील अंतरांचा तक्ता मुलांकडून करवून घ्यावा. पुसद ते वणी आणि वणी ते पुसद हे अंतर दोनदा लिहावे लागत नाही. तक्ता त्रिकोणी होतो आणि १२० घरांत सर्व जोड्या बसतात.

हा विचार या भूमीस नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त मधुर, अम्ल आदी सहा रसांची मिश्रणे मोजण्याचे उदाहरण आहे. दोन-दोन रसांची मिश्रणे तेथेही १५ च येतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चंगदेव यांनी मठ स्थापल्याचे सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

या रीतीस मर्यादाही आहे. शंभर संख्यांस ४,९५० भेटी लागतात, तर हजार संख्यांस ४,९९,५००. ओळ दसपट झाली की श्रम सुमारे शंभरपट वाढतात. म्हणून पुढे अधिक शीघ्र रीती शिकाव्या लागतात. आठ हाती असता उणे असलेले सहा आधी पाहिलेल्या संख्यांत आहेत काय, एवढेच तपासणे, ही त्यांपैकी एक होय. परंतु जलद रीतीचे उत्तर बरोबर आहे की नाही, हे पडताळण्यास हीच साधी रीत उपयोगी पडते. म्हणून तिचा मान पहिला.

शेवटी पुन्हा दहाच्या बेरजेकडे वळावे. तेथे उत्तर ‘एकही जोडी नाही’ असे आहे. ‘आहे’ म्हणण्यास एक जोडी दाखविणे पुरते. ‘नाही’ म्हणण्यास पंधराच्या पंधरा भेटी व्हाव्या लागतात. गोठा, बांध आणि नाला पाहिल्यावाचून वासरू कोठेच नाही म्हणणाऱ्या गुराख्यावर गाव विश्वास ठेवीत नाही. सगळे पाहून झाल्यावर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळतो, हे ज्या मुलास दहाव्या-अकराव्या वर्षी उमगले, त्याच्या हाती संगणक उद्या आला काय आणि चार वर्षांनी आला काय, त्याचे शिक्षण सुरू झालेले असते. ते सुरू करून देणे शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी सहा पाट्या पुरेशा आहेत.