बालकाचे पहिले वाचन
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



दरवर्षी या स्नेहसंमेलनात शालान्त व पदवी परीक्षांत यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा आपण गौरव करतो. तो सर्वथा उचित आहे. परंतु ज्या वयाकडे आपल्या संस्थेचे लक्ष क्वचितच जाते, त्या तीन ते सहा वर्षांच्या बालकांविषयी आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी बालकाला वाचता यावे काय, यावे तर कोणत्या मार्गाने, आणि न आले तर आईबापांनी चिंता करावी काय, एवढाच आजचा विषय आहे.

हा प्रश्न निघण्यास कारण आहे. आपला वसई-विरारचा मुलूख आपल्या डोळ्यांदेखत पालटला. राजेळी केळीच्या वाड्या आणि बावखले मागे सरली. त्यांच्या जागी इमारती आल्या. २००९ साली महानगरपालिकाही आली. वडील आणि पुष्कळ घरी आईदेखील सकाळच्या लोकलने चर्चगेटकडे जातात, ती दिवेलागण उलटल्यावर परततात. मूल तिसऱ्या वर्षी नर्सरीत जाते आणि चौथ्या वर्षी त्याच्या दप्तरात गृहपाठाची वही येते. घरी पाहुणे आले की त्याला मध्ये उभे करून ‘वाचून दाखव’ असा आग्रह होतो. अमक्याचा मुलगा घडाघडा वाचतो आणि आपला का वाचत नाही, ही तुलना लग्नमंडपापर्यंत जाऊन पोहोचते. मग चिमुकल्या बोटांत पेन्सिल कोंबली जाते, आवाज चढतो, प्रसंगी हातही उठतो. ज्या पुस्तकाने बालकाला आनंद द्यावयाचा, त्याच पुस्तकाचे त्याला भय वाटू लागते. एकदा बसलेले हे भय घालविण्यास पुढे वर्षे लागतात, आणि कित्येकांचे ते कधीच जात नाही.

वस्तुतः वाचनाचा प्रारंभ डोळ्यांनी होत नाही, तो कानांनी होतो. ज्याने पुष्कळ ऐकले, पुष्कळ बोलले, त्यालाच अक्षरांत दडलेला आवाज ओळखू येतो. आपल्या वाडवडिलांनी यास वाचनाची तयारी असे नाव दिले नव्हते इतकेच. तयारी मात्र ते करून घेत असत. आजीची बडबडगीते, कोडी, रात्रीची गोष्ट आणि भेंड्या आठवून पाहा. भेंड्यांच्या खेळात शेवटचे अक्षर कोणते आणि त्यापासून आरंभ होणारे दुसरे काय, याचा शोध मूल अक्षरओळख नसतानाही घेते. शब्द म्हणजे आवाजांचे तुकडे जोडून झालेली वस्तू आहे, हे ज्ञान त्याला खेळता खेळता होते. आणि वाचनाची खरी किल्ली हीच होय.

आपली लिपीही या कामी अनुकूल आहे. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ या शब्दांत स्वराक्षर एकच असून उच्चार दोन होतात. देवनागरी मात्र उच्चाराशी बहुतांशी इमान राखते. क, न, म, ल ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्या सामग्रीवर कान, नाक, काम, माल, लाल, काका, मामा, नाना इतके शब्द वाचता येतात. संपूर्ण मुळाक्षरे पाठ झाल्याखेरीज शब्द वाचावयाचा नाही, हा दंडक म्हणूनच निरर्थक आहे. परंतु या लिपीच्या अडचणीही आहेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ही अक्षरे बालदृष्टीला जुळी भावंडे वाटतात. ऱ्हस्व इकाराची वेलांटी लिहावयाची आधी आणि उच्चारावयाची मागून. एकटा र घेतला तर ‘सूर्य’, ‘चंद्र’ आणि ‘राष्ट्र’ या तीन शब्दांत तो तीन वेगळे वेष घेतो. जोडाक्षरांसह हा सारा पसारा अंगवळणी पडण्यास काही वर्षे लागणे स्वाभाविक आहे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तो उरकून टाकण्याची घाई करणे म्हणजे रोप वाढावे म्हणून त्याला वर ओढण्यासारखे आहे.

तथापि काही बालके शाळेपूर्वीच वाचू लागतात, हे सत्य आहे. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या विदुषींनी १९५८ साली कॅलिफोर्नियातील ऑकलंड शहरात पहिलीत आलेल्या ५,१०३ मुलांची पाहणी केली. त्यांत शाळेत शिकण्यापूर्वीच वाचू शकणारी मुले निघाली अवघी ४९. या मुलांचा पुढे कित्येक वर्षे मागोवा घेऊन त्यांनी १९६६ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. ही सर्व मुले असामान्य बुद्धीची नव्हती, श्रीमंत घरांतलीच होती असेही नव्हे. मात्र त्यांच्या घरी वाचून दाखविणारे कोणी तरी होते. ‘हे काय लिहिले आहे?’ या प्रश्नाला न कंटाळता उत्तर देणारे माणूस होते. पुष्कळ घरी शाळा-शाळा खेळणारे थोरले भावंड होते. कागदावर रेघोट्या ओढण्याचा नाद या मुलांना आधी लागला, आणि आपले नाव कसे लिहितात हे त्यांनी स्वतः होऊन विचारले. त्यांनी पुढल्या इयत्तांतही सर्वसाधारणपणे आपली आघाडी राखली. तेव्हा लवकर वाचू लागणे हे अपायकारक नाही; ज्याची ओढ आहे त्याला अडवू नये. परंतु ती ओढ आतून आली होती, हे विसरून चालणार नाही. बाहेरून लादलेल्या धड्यांनी तेच फळ मिळेल, असा अर्थ या पाहणीतून कोणी काढू नये.

बालकाच्या आतून येणाऱ्या या ओढीवरच ज्यांनी शिक्षणाची उभारणी केली, त्या थोर व्यक्तींची परंपरा आपल्याच जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. रोम नगरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविता फिरविता तेथील चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागली आणि मागाहून वाचू लागली. तो विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात रुजविला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी मुंबईत दादरला शिशुविहार चालविले, आणि १९४५ साली शहर सोडून बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. त्यांच्या साथीला अनुताई वाघ आल्या. बोर्डी म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावरील घोलवडनजीकचे गाव. तेथून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तेथे महागडी साधने आणावयास पैसा कोठला? तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली; अंगणवाडी म्हणतात ती हीच कल्पना. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्याचा उगम आपल्या शेजारच्या गावी आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. मग ताराबाईंनी बालकांना जे स्वातंत्र्य दिले, ते आपल्या घरातील बालकांना आपण का नाकारावे?

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या या किनाऱ्यावर वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी अशा बोली नांदतात. आजी एक शब्द बोलते, पुस्तक दुसरा शब्द सांगते आणि नर्सरी तिसऱ्याच भाषेत बोलते. अशा वेळी काही घरी बालकाशी बोलीत बोलणे बंद करतात, आजीलाही गप्प बसवितात. आमच्या मते या काळातील हे सर्वांत मोठे नुकसान आहे. ज्या भाषेत बालकाला राग येतो, हसू येते आणि स्वप्ने पडतात, त्या भाषेतील शब्दभांडार हेच त्याचे भांडवल. ते असेल तर प्रमाण मराठी त्यावर चढते, आणि इंग्रजीही चढते. आपल्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, एक १८८२ साली आणि दुसरा १९५६ साली भुईगावास. ते लेख संस्कृतात नव्हेत, प्राकृतात आहेत. आपले म्हणणे प्रजेपर्यंत पोहोचविण्यासाठी सम्राटाने लोकांच्या बोलण्याजवळची भाषा पत्करली. आपण तर घरातल्या चार वर्षांच्या प्रजेशी बोलणार आहोत!

तेव्हा घरी करावे काय? रोज रात्री दहा मिनिटे बालकाला मांडीवर घेऊन वाचून दाखवावे. वडिलांची गाडी उशिरा आली तर आजोबांनी वाचावे. आजीला वाचता येत नसेल तर तिने चित्रे पाहून आपल्या बोलीत गोष्ट सांगावी. तेच पुस्तक दहा वेळा मागितले तर दहा वेळा वाचावे, कारण पाठ झालेल्या गोष्टीतूनच बालक अक्षरांकडे वळते. दुकानांच्या पाट्या, स्थानकांची नावे, घरातले डबे ही फुकटची पुस्तके आहेत. पेन्सिलीपूर्वी माती, रांगोळी, खडू आणि पाटी द्यावी. जेवताना भ्रमणध्वनी हाती देऊन मूल शांत बसवू नये. त्या यंत्राला बालकाच्या प्रश्नाची वाट पाहता येत नाही. कोणाचे मूल पाचव्या वर्षी वाचत नसेल तर त्यांनी धीर धरावा. फिनलंडमध्ये मूल सात वर्षांचे होते त्या वर्षी शाळेत जाते, तरी तो देश वाचनात मागे पडलेला नाही. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि २०२१ साली आरंभिलेल्या निपुण भारत अभियानाचे ध्येय तिसरीअखेर समजून वाचता यावे असे आहे. शासन तिसरीपर्यंत थांबावयास तयार असता आपण बालवर्गातच का हातघाईवर यावे?

मात्र धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. बालक तीन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, अथवा डोळे बारीक करून पाहत असेल, तर कान-डोळे तपासून घ्यावेत. अगदी लहानपणी अक्षरे वाचते, पण अर्थ कळत नाही आणि माणसांशी बोलत नाही, असे असल्यास कौतुकात न रमता वैद्यांचा सल्ला घ्यावा. शाळेत दोन वर्षे शिकूनही वाचन जमत नसेल, तर तो आळस समजून शिक्षा करू नये, तज्ज्ञांना दाखवावे.

शेवटी संस्थेच्या चालकांपुढे आम्ही दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, सहा वर्षांखालील बालकांना व्यासपीठावर आणून वाचनाच्या वा पाठांतराच्या स्पर्धा आपण घेऊ नयेत. त्यांत एक मूल जिंकते आणि बाकीची हरावयास शिकतात. दुसरी अशी की, त्या बक्षिसांच्या रकमेतून चांगल्या चित्रमय मराठी पुस्तकांच्या पेट्या कराव्यात आणि आगाशी, बोळिंज, उमराळे, नाळे, वाघोली अशा ज्या ज्या गावी आपली कुटुंबे आहेत तेथे त्या घरोघर फिरवाव्यात. एक पेटी महिनाभर एका आळीत राहावी, मग पुढच्या आळीत जावी. पुस्तके फाटतील, त्यांना हळद-तेलाचे डाग पडतील. तो खर्च संस्थेने आनंदाने सोसावा. न फाटलेले बालपुस्तक म्हणजे न वाचलेले बालपुस्तक, असे आम्ही समजतो.

ज्या घरी बालकाच्या प्रश्नाला उत्तर मिळते, त्या घरी वाचन आज ना उद्या येतेच. ते आपल्या प्रत्येक घरी येवो, अशी इच्छा आम्ही प्रकट करतो.