जुनी नौका, नवा मालक आणि विकणाऱ्याचं मौन



मोसम संपत आला की आपल्या किनाऱ्यावर जुन्या नौका विकायला निघतात. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. ज्याला विकायची असते त्याला पावसाळ्यातली शाकारणी आणि डागडुजी टाळायची असते, आणि ज्याला घ्यायची असते त्याला १ ऑगस्टच्या आत नौका ताब्यात हवी असते. घाई दोन्हीकडून. इसार दिला जातो, स्टॅम्पपेपरवर करारनामा होतो, त्यात ‘नौका आहे त्या स्थितीत घेतली, पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही’ असं एक वाक्य टाकलं जातं, आणि ते कोणी नीट वाचत नाही. मग ऑगस्टमध्ये नौका पाण्यात जाते. चार-दोन फेऱ्यांनंतर पंप बंद करायची सोय राहत नाही, इतकं पाणी आत येऊ लागतं. सुताराला बोलावतात. तो तळाजवळची एक फळी उचकटतो, आणि आतलं लाकूड बोटांनी कुस्करलं जातं.

इथे भांडण सुरू होतं. घेणारा म्हणतो, “तुम्हाला हे ठाऊक होतं.” विकणारा म्हणतो, “तुम्ही बघूनच घेतली होती ना?” आणि पुष्कळदा दोघेही खरंच बोलत असतात. पंचाईत तीच आहे.

आपल्याकडे एक समज घट्ट आहे, की दोष लपलेला असेल तर त्याची भरपाई विकणाऱ्याने द्यायलाच हवी. १९३० चा मालविक्री कायदा तसं म्हणत नाही. नौका ही कायद्याच्या लेखी जंगम वस्तू, म्हणून तिला हाच कायदा लागतो. त्याचं सोळावं कलम सुरुवातीलाच सांगतं की मालाच्या दर्जाबद्दल न बोललेली हमी एरवी धरली जात नाही. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः त्या मालाचा धंदाच करणाऱ्याला लागू पडतात. नौका बांधून विकणारा कारखानदार किंवा जुन्या नौकांचा व्यापारी असेल, तर त्याच्यावर जबाबदारी येते. आपली एकुलती नौका विकून मोकळा होणारा मच्छीमार हा काही नौकांचा व्यापारी नव्हे. शिवाय खरेदीदाराने नौका तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांसाठी व्यापाऱ्यालाही धरता येत नाही. थोडक्यात, बघून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची.

हा नियम कडू वाटतो, पण तो आकाशातून पडलेला नाही. त्याच्या मुळाशी जे जुने इंग्लिश खटले आहेत, त्यांतले निदान चार जुन्या जहाजांच्या विक्रीचेच आहेत. ते ऐकताना आपल्या बंदरावरचीच भांडणं ऐकतोय असं वाटतं.

पहिला १७९२ चा, मेलिश विरुद्ध मोत्यू. जहाज ‘सर्व दोषांसह’ विकलं गेलं होतं. म्हणजे आपलं ‘आहे त्या स्थितीत’. आत असा दोष होता की जहाज पाण्यावर असताना घेणाऱ्याला तो दिसणं शक्य नव्हतं, आणि विकणाऱ्याला तो माहीत होता. न्यायाधीश लॉर्ड केनयन म्हणाले की माहीत होतं तर सांगायला हवं होतं. ‘सर्व दोषांसह’ या शब्दांमागे लपता येणार नाही. आपल्या मनातला न्याय हाच. पण तो वीस वर्षंसुद्धा टिकला नाही. १८११ मध्ये बॅगलहोल विरुद्ध वॉल्टर्स या खटल्यात लॉर्ड एलेनबरो यांनी तो बाजूला सारला. त्यांचं म्हणणं असं, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून सगळ्या दोषांची जोखीम पत्करली आहे. विकणाऱ्याने काही क्लृप्ती करून दोष झाकला असेल तरच तो सापडेल. नुसतं न सांगणं हा गुन्हा नाही.

आणि मग लगेच १८१३ चा श्नायडर विरुद्ध हीथ. या जहाजाचा तळ किड्यांनी पोखरला होता आणि कणा मोडला होता. जहाज धक्क्यावर कोरड्यात उभं होतं तेव्हा हे कोणालाही दिसलं असतं. विकण्याआधी ते मुद्दाम पाण्यात ढकललं गेलं आणि पाण्यातच ठेवलं गेलं, म्हणजे तळ कोणाच्या नजरेला पडू नये. सर न्यायाधीश होते सर जेम्स मॅन्सफिल्ड (त्याच आडनावाचे जे जास्त प्रसिद्ध लॉर्ड मॅन्सफिल्ड, ते हे नव्हेत). त्यांनी सांगितलं की ‘सर्व दोषांसह’ हे शब्द कितीही व्यापक असले, तरी लबाडीला त्यांचं संरक्षण नाही. खरेदीदार जिंकला.

चौथा १८२१ चा, शेफर्ड विरुद्ध केन. जाहिरातीत जहाज ‘तांब्याच्या खिळ्यांचं’ म्हणून वर्णन केलं होतं, आणि विक्री अर्थातच सर्व दोषांसह. प्रत्यक्षात तांब्याचे खिळे काही भागातच निघाले. न्यायालय म्हणालं, दोष असतील ते असोत, पण वस्तू निदान वर्णन केली तीच हवी. आपल्याकडे करारनाम्यात ‘सागवानी नौका’ लिहिलं आणि पाण्याखालच्या फळ्या भलत्याच लाकडाच्या निघाल्या, तर हाच मुद्दा उभा राहतो. कायद्याच्या पंधराव्या कलमात तो आहे.

माझं मत विचाराल तर मला केनयन यांचा न्याय जवळचा वाटतो. समुद्रावर जाणाऱ्या वस्तूचा दोष माहीत असून गप्प बसणारा माणूस खलाशांच्या जिवाशी खेळतो. पण कायदा एलेनबरो यांच्या वाटेने गेला, आणि ती वाट १८७२ च्या आपल्या करार कायद्यातही आली. सतराव्या कलमात घोड्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. एकाने दुसऱ्याला लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही.

पण त्याच कलमात आणखी एक दाखला आहे, आणि आजच्या बोलण्यात माझा सगळा भर त्यावर आहे. घेणारा विकणाऱ्याला म्हणतो, “तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन.” विकणारा गप्प राहतो. इथे कायदा म्हणतो, हे मौन बोलण्यासारखंच आहे. घोडा तोच, माणसं तीच, मौनही तेच. फरक एवढाच की घेणाऱ्याने विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत तर विकणारा सुटतो. विचारलंत आणि तो खोटं बोलला, किंवा गप्प राहून तुम्हाला खोट्या समजुतीत राहू दिलं, तर तो अडकतो.

आमच्याकडे विचारत नाहीत असं नाही. विचारतात, पण कसं? “नौका बरी आहे ना?” आणि उत्तर येतं, “एक नंबर.” असल्या उत्तराला कोर्टात फार किंमत नसते, कारण ती विकणाऱ्याची नेहमीची तारीफ समजली जाते. प्रश्न नेमका हवा. गेल्या तीन वर्षांत तळाच्या किती फळ्या बदलल्या, कोणत्या सुताराने? इंजिन खोलून बसवलंय का, कधी? नौका कधी खडकाला लागली होती का, बुडाली होती का, पंख्याचा दांडा वाकला होता का? ही उत्तरं करारनाम्यातच लिहून घ्या, किंवा निदान व्हॉट्सॲपवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. खरा माणूस अशा प्रश्नांनी रागावत नाही. आणि जो रागावतो, त्याच्याबद्दल तुम्हाला न विचारताच काहीतरी कळलेलं असतं.

आता फायबरबद्दल दोन शब्द, कारण हल्लीची कठीण भांडणं तिथे आहेत. लाकडी नौकेवर बाहेरून फायबरचं आवरण चढवतात. लाकूड सुकं आणि निरोगी असताना ते केलं, तर उत्तम संरक्षण. तळ पोखरणाऱ्या किडीलाही अटकाव होतो. (ही कीड खरं तर कीड नाहीच, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे.) पण ओल्या किंवा कुजायला लागलेल्या लाकडावर आवरण घातलं, की ओल आत कोंडली जाते आणि कुजणं चालूच राहतं. बाहेरून नौका चकचकीत, आतून भुसा. मग प्रश्न येतो, हे आवरण नौका वाचवायला घातलं होतं की दोष झाकायला? पहिलं असेल तर एलेनबरो, दुसरं असेल तर मॅन्सफिल्ड. उत्तर बहुधा तारखेत सापडतं. चार वर्षांपूर्वी घातलेलं आवरण ही निगा असते; विक्रीच्या आधी पंधरा दिवसांत घातलेलं असेल, तर विकणाऱ्याला त्याचा खुलासा करावा लागेल. ज्याने ते काम केलं तो कारागीर आणि त्याची पावती हा इथला मोठा पुरावा. म्हणून कारागिराचं नाव आधी विचारायचं.

विकणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. प्रत्येक गळती हा दोष नसतो. लाकडी नौका उन्हात बराच काळ कोरडी राहिली, की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात टाकल्यावर लाकूड फुगेपर्यंत ती थोडं पाणी घेतेच. हे ठाऊक नसलेला नवा मालक दुसऱ्याच दिवशी पोलिस ठाण्यात पोहोचतो आणि फसवणुकीची तक्रार करतो. त्यातून फारसं निष्पन्न होत नाही. व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू होता हे दाखवावं लागतं. व्यवहार बिनसला म्हणजे फौजदारी गुन्हा झाला असं नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितलं आहे. तसंच, एक हंगाम मासेमारी करून झाल्यावर इंजिन बसलं, तर त्याचं खापर मागच्या मालकावर फोडू नये. वापरलेलं यंत्र वापरून झिजतं.

खरोखरच दोष निघाला तर काय करायचं? पहिली गोष्ट, दुरुस्ती थांबवायची. आपण उलट करतो: आधी फळी बदलतो, कुजलेली फळी चुलीत जाते आणि मग पैसे मागायला जातो. पुरावाच जळालेला असतो. विकणाऱ्याला लगेच लेखी कळवा, त्याच्यासमोर किंवा मच्छीमार सोसायटीच्या माणसांसमोर पंचनामा करा, फोटो काढा, काढलेले तुकडे जपा. दुसरी गोष्ट, नौका परत करायची असेल तर ती वापरत राहू नका. वाजवी मुदतीत नाकारली नाही तर ती स्वीकारली असं कायदा धरतो, आणि मग साधारणपणे नुकसानभरपाईच मागता येते, नौका परत देता येत नाही. दिवाणी दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. व्यापाऱ्याकडून घेतली असेल आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल, तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. तिथे मुदत दोन वर्षांची.

राहता राहिली कागदपत्रं. इथे मात्र कायदा घेणाऱ्याच्या बाजूने ठाम उभा आहे. लाकडाबद्दल विकणारा गप्प राहू शकतो, मालकीबद्दल नाही. विकण्याचा हक्क आपल्याला आहे आणि न सांगितलेला बोजा नौकेवर नाही, याची हमी मालविक्री कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, प्रत्येक विक्रीत धरलेली असते; विकणारा व्यापारी असो वा मच्छीमार. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज लपवून नौका विकली, तर ‘आहे त्या स्थितीत’ या मोघम वाक्याने विकणारा वाचेल असं समजू नका. विकणाऱ्यांनीही इथे स्वतःचं हित पाहावं. नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाली नाही, आणि त्याने बंदीच्या काळात नौका समुद्रात नेली, तर मत्स्यव्यवसाय खात्याची नोटीस नोंदीतल्या नावावर, म्हणजे तुमच्याच घरी येते.

तेव्हा या वर्षी कोणी जुनी नौका घेणार असेल, तर एवढं करा. ती किनाऱ्यावर ओढून, तळ उघडा असताना, तुमच्या ओळखीचा सुतार आणि इंजिनाचा मेस्त्री घेऊन पाहा. विकणारा म्हणाला की आत्ता ओढता येणार नाही, पाण्यातच बघा, तर इसार देऊ नका. नोंदणीवरचा इंजिन क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. आणि करारनाम्यावर सही करण्याआधी प्रश्न लिहून विचारा, उत्तरं लिहून घ्या.