सर्वांची शाळा, सर्वांची वास्तू
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीतून आमगावात प्राथमिक शाळा उभारावी, असा विचार पुढे आला आहे. ती केवळ आपल्या समाजाच्या मुलांसाठी असावी की सर्वांसाठी, याविषयी मतभेद आहेत. या संदर्भात, आमगाववरून जाणाऱ्या हावडा-मुंबई लोहमार्गावरीलच सेवाग्रामचे उदाहरण मी आपणांपुढे ठेवू इच्छितो.

वर्ध्यातील मारवाडी समाजाच्या शिक्षणसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. व्यापारी समाजाच्या त्या महोत्सवातून देशाला 'नई तालीम' लाभली. अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. सेवाग्रामची शाळा सांभाळली ती ख्रिस्ती धर्मीय आर्यनायकम् व त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी यांनी. मुले सूत कातत आणि त्या सुताच्या मोजणीतूनच गणित शिकत. मध्यंतरी खंड पडलेली ही शाळा २००५ मध्ये 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा सुरू झाली.

तेथील आश्रमाची वास्तूही पाहण्यासारखी आहे. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूंचे छप्पर आणि सावलीची ओसरी! विदर्भाच्या उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात, आणि ती बांधणारा कारागीर गावातच मिळतो. सर्वधर्म प्रार्थनेची जागा तर उघडे मैदान आहे. तेथे ना भिंत, ना दार. त्यामुळे कोणी परका ठरत नाही.

आपल्या मुलांच्या धर्मसंस्कारांचे काय, असा प्रश्न काही ज्येष्ठांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. त्या संस्कारांसाठी घर आणि आपली पाठशाळा आहेच. पण नवकार मंत्रात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही, वंदन गुणांना आहे. अनेकांतवाद ग्रंथातून शिकता येतो. तो अंगी मुरतो मात्र वेगळ्या घरच्या मुलाशेजारी बसून.

म्हणून माझी नम्र विनंती आहे, की संगमरवरी प्रवेशद्वारावर होणारा खर्च हवेशीर वर्ग, रुंद ओसरी आणि अंगणातील झाडांवर व्हावा. दात्यांच्या नावांची पाटी लहान असली तरी चालेल. शाळेचे दार मात्र गावातील प्रत्येक बालकासाठी उघडे असावे. पन्नास वर्षे या गावाने आपला व्यापार जोपासला. त्या ऋणातून अंशतः मुक्त होण्याची ही संधी आहे.

जय जिनेंद्र!