शिकविलेला माणूस हीच पेढीची पुंजी

(मंडळाच्या शेलूबाजार येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या गावाच्या नावातच बाजार आहे. येथे ज्याच्या घरी दुकान नाही त्याच्या घरी शेती आहे, आणि ज्याच्या घरी शेती आहे त्याचा दुकानाशी रोजचा संबंध आहे. म्हणून ‘नोकरांचे शिक्षण’ हा विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या कारखान्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. ज्या दुकानात मालकाखेरीज दुसरा एक जरी माणूस काम करतो, तेथे हा प्रश्न उभा राहिलाच.

प्रथम आमचीच चूक सांगतो. दुसऱ्याची सांगण्यापेक्षा ते बरे. आमच्या अडत दुकानात एक वृद्ध दिवाणजी होते. सारा हिशेब त्यांच्या हाती, आणि निम्मा त्यांच्या डोक्यात. २०१७ च्या जुलैमध्ये वस्तु व सेवा कर आला, कागदपत्रांची रीत बदलली, आणि त्याच वर्षी सोयाबीनच्या ऐन हंगामात दिवाणजींनी अंथरूण धरले. दुकानात अकरा वर्षे राबलेला एक तरुण होता. त्याला आम्ही पोती मोजण्यापलीकडे काही शिकविले नव्हते. चार दिवस शेतकऱ्यांचे चुकारे अडकले. दारात उभ्या असलेल्या माणसांना आम्हांस तोंड दाखविणे कठीण झाले. तेव्हा तो तरुण शांतपणे म्हणाला, “मालक, अकरा वर्षांत एकदा तरी वही उघडून दाखविली असती, तर आज ही वेळ आली नसती.” या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

माणूस घडविता येतो, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावी आले, आणि पुढे औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तो माळ निवडुंगाचा. जवळ ना शहर, ना तयार कारागीर. मग कारागीर आणावे कोठून? लक्ष्मणरावांनी ते तेथेच घडविले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वसाहतीच्या राखणीचे काम विश्वासाने सोपविण्यात आले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शंका घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या देशात या माणसांनी नांगराचा कारखाना उभा केला. यंत्रे विकत मिळाली असतील, परंतु माणसे विकत मिळाली नाहीत.

शिकविण्याचीही एक विद्या आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसे आली. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० पासून तेथे एक मोहीम चालली. तिची शिकवणीची रीत चार पायऱ्यांची होती. आधी शिकणाऱ्याची भीड मोडावी आणि त्याला काय ठाऊक आहे ते विचारावे. मग काम स्वतः सावकाश करून दाखवावे, आणि प्रत्येक कृतीचे कारण सांगावे. नंतर त्याच्याकडून ते करवून घ्यावे, व करताना त्यालाच समजावून सांगावयास लावावे. शेवटी त्याला एकट्याला काम द्यावे, पण अधूनमधून पाहत राहावे. युद्धानंतर हीच रीत जपानच्या कारखान्यांनी उचलली व जोपासली. आपण बहुतेक दुकानदार दुसऱ्या पायरीचा अर्धा भाग करतो, “असे कर” म्हणतो, आणि चुकले की रागावतो. कारण सांगत नाही, करवून घेत नाही, पाहतही नाही.

न शिकविण्याचा तोटा केवळ पैशाचा असता तर आम्ही एवढ्या आग्रहाने बोललो नसतो. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. उंच वाढलेले पीक, एकाहून अधिक औषधांचे मिश्रण, तोंडावर-अंगावर संरक्षणाचे साधन नाही, अशी कारणे पुढे आली. या प्रत्येक कारणाच्या मुळाशी कोणीतरी कोणाला काहीतरी सांगावयाचे राहून गेले होते. आपल्यापैकी अनेकांची कृषि सेवा केंद्रे आहेत. मालक बाहेरगावी असताना गल्ल्यावरचा मुलगा शेतकऱ्याला औषध काढून देतो. त्या मुलाला डब्यावरील त्रिकोणाच्या रंगाचा अर्थ ठाऊक आहे काय? लाल त्रिकोण म्हणजे अति विषारी, हे आपण त्याला कधी सांगितले? हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषि विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ साली खास निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे वर्ग आठवड्यातून एकच दिवस भरतात, म्हणजे दुकान बंद ठेवावे लागत नाही. परवान्यापुरते प्रमाणपत्र भिंतीवर टांगून थांबू नये. जे शिकलो ते गल्ल्यावरच्या मुलापर्यंत पोचवावे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : “शिकविले की तो निघून जातो.” खरे आहे, जातो. आमचा तो तरुणही गेला. दिवाणजींच्या आजारानंतर आम्ही त्याला हिशेब शिकविला, तो उत्तम शिकला, आणि दोन वर्षांनी त्याने स्वतःचे दुकान काढले. आम्हांस वाईट वाटले हे लपवीत नाही. परंतु जाण्यापूर्वी एक महिना, आम्ही न सांगता, त्याने नव्या मुलाला रोज संध्याकाळी वही शिकविली. ज्याला न शिकविता अकरा वर्षे ठेविले त्याने आम्हांस चार दिवसांत उघडे पाडले. ज्याला शिकविले तो जाताना आमची पेढी सावरून गेला. कोणता व्यवहार फायद्याचा, हे आपणच ठरवावे.

आज काळही थांबलेला नाही. समृद्धि महामार्ग आपल्या गावाजवळून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याने आपला माल लवकर जाईल, तशीच आपली हुशार मुलेही लवकर जातील. त्यांना येथे शिकावयास मिळाले नाही तर ती परत कशासाठी येतील?

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली : प्रत्येक सभासदाने आपल्या दुकानातील एक तरी माणूस या वर्षात एका नव्या कामात तयार करावा. दुसरी : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा लाभ लहान आस्थापनांनाही घेता येतो; त्याची माहिती मिळवून देण्यासाठी मंडळाने दोन जाणत्या तरुणांची नेमणूक करावी. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : घरच्या लेकीसुनांना हिशेबाची वही उघडून दाखवावी. घरातला कर्ता अचानक गेला म्हणजे कोणाचे देणे, कोणाचे घेणे, हे त्या माउलीला परक्या माणसाला विचारावे लागते. हे दुःख आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि ते टाळणे आपल्या हाती आहे.

पुढील संमेलनात कोणी किती देणगी दिली हे वाचून दाखविले जाईलच. त्याबरोबर कोणी कोणाला काय शिकविले, याचीही एक यादी वाचली जावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.