शिडाच्या होडीचे धातुकाम
(नौकानयन शिकविणाऱ्या शिक्षकांपुढे दिलेले भाषण)

मुलांच्या हाती शिडाची होडी देण्यापूर्वी सुकाणूच्या बिजागऱ्या आपण स्वतः हलवून पाहाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भर वाऱ्यात बिजागरी निखळली, तर होडी कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

गंजलेला स्क्रू काढून हाती लागेल तो बसविणे ही दुरुस्ती नव्हे. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांतील एक झिजू लागतो. 'अलार्म' या ब्रिटिश युद्धनौकेच्या तळाला १७६१ साली तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे खाऊन गेलेले! जेथे मध्ये कागद अडकून राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेस पोलादाची पट्टी बसविताना मध्ये नायलॉनची चकती घालतात, ती याचसाठी.

पितळ तर फारच फसवे. दुकानदार ते मोठ्या विश्वासाने देतो, ही गोष्ट निराळी. समुद्राचे पाणी त्यातील जस्त हळूहळू काढून नेते. स्क्रू वरून धड दिसतो, पण तांबूस पडलेला असतो आणि पिळताच तुटतो. सुकाणूला असे स्क्रू नकोतच. लाकडातील भोक सैल झाले असल्यास ते इपॉक्सीने भरून, पक्के वाळल्यावर, त्याच जागी नव्याने पाडावे.