पैशाची मुदत आणि बाजाराची भरती-ओहोटी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी जागतिक बाजार आणि गुंतवणूकदार या विषयावर चार शब्द बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार आहे. त्यामुळे मुद्दल, व्याज आणि मुदत हे तीन शब्द येथे समजावून सांगण्याची गरज नाही. जगाचा बाजारही याच तीन शब्दांवर चालतो. मुद्दल आणि व्याज यांची चर्चा रोजच होते. मुदतीकडे मात्र दुर्लक्ष होते. आणि मोठी संकटे अनेकदा तेथूनच येतात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

डॉलर हे जागतिक व्यवहाराचे प्रमुख चलन आहे. त्यामुळे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, व्याजदर बदलते तेव्हा त्याचा परिणाम त्या देशापुरता राहत नाही. तेथे व्याज कमी झाले की अधिक लाभाच्या शोधात पैसा भारतासारख्या देशांकडे वाहू लागतो. व्याज वाढले, किंवा भीती पसरली, की तोच पैसा घराकडे परततो. ही भरती-ओहोटी आपण थांबवू शकत नाही; पण आपली नाव कोठे बांधावी, हे आपल्या हाती असते.

पहिले उदाहरण २००८ सालचे. लेहमन ब्रदर्स ही १८५० साली सुरू झालेली पेढी. तिने स्वतःच्या भांडवलाच्या सुमारे तीसपट मालमत्ता उभी केली होती. त्यातील बरीचशी रक्कम घरे व जमिनींशी निगडित कर्जांत, म्हणजे वर्षानुवर्षे अडकणाऱ्या मालमत्तेत होती. पण त्यासाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणावर एकेका रात्रीच्या उसनवारीवर चालत असे. घरांच्या किमती उतरल्या, विश्वास उडाला, उसने देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी पेढीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी जानेवारीत एकवीस हजारांवर गेलेला आपला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्याही खाली आला होता. आपले कारखाने काही रातोरात बंद पडले नव्हते. परदेशी गुंतवणूकदारांना स्वतःच्या देशातील देणी भागवायची होती, म्हणून त्यांनी येथील समभाग विकले.

दुसरे उदाहरण आपल्याच देशाचे. २०१२-१३ या वर्षी भारताची चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के इतकी झाली होती. ही तूट भरून काढण्यासाठी आपण बऱ्याच अंशी परदेशी पैशावर विसंबून होतो, आणि त्यातील काही पैसा केव्हाही परत जाऊ शकणारा होता. मे २०१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी कमी करण्याचा नुसता संकेत दिला. त्या वेळी डॉलरला सुमारे ५५ रुपये पडत. ऑगस्टअखेर तो भाव ६८ च्या पुढे गेला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने काय केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तिने अनिवासी भारतीयांकडून किमान तीन वर्षांच्या मुदतीच्या परकीय चलनातील ठेवी आणण्यासाठी बँकांना विशेष सवलत दिली. पळणाऱ्या पैशाच्या जागी थांबणारा पैसा आणला, आणि रुपया सावरला.

तिसरे उदाहरण मार्च २०२३ मधील. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांचा पैसा मोठ्या प्रमाणात दीर्घ मुदतीच्या, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या रोख्यांत गुंतवला होता. पण व्याजदर वाढले की जुन्या रोख्याची किंमत उतरते. पाच टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा शंभर रुपयांचा रोखा घ्या. नव्या रोख्यावर आठ टक्के मिळू लागले, तर जुन्यास बाजारात सुमारे ऐंशीच रुपये मिळतील. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्यास शंभर मिळतातच. परंतु ठेवीदार दारात उभे असताना थांबणार कसे? ९ मार्चच्या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

या तिन्ही प्रसंगी घेतलेली वस्तू वेगवेगळी होती. चूक मात्र एकच. लांब मुदतीचा मनसुबा आणि आखूड मुदतीचा पैसा!

आपल्या घरातही हेच घडते. मुलीच्या शिक्षणासाठी पुढच्या वर्षी लागणारी रक्कम आज समभागांत घालणे, किंवा राहत्या घरावर कर्ज काढून बाजारात उतरणे, ही त्याच चुकीची लहान रूपे आहेत. समभाग उत्तम असेल, आपला अंदाजही खरा ठरेल. पण हप्त्याची तारीख बाजारासाठी थांबत नाही. ऐन पडझडीत विकावे लागते, आणि कागदावरचा तोटा कायमचा होतो.

याचा अर्थ सारा पैसा तिजोरीत ठेवावा असा नव्हे. महागाई तिजोरीतील पैशालाही कुरतडते. व्यापाराला कर्ज लागते, हेही मान्य. म्हणून गुंतवणुकीपूर्वी ‘किती मिळेल?’ या प्रश्नाच्या आधी ‘हा पैसा मला केव्हा लागेल?’ हा प्रश्न विचारावा. वर्षभरात लागणारा पैसा हाताशी, तीन-चार वर्षांनी लागणारा मुदत ठेवीत, आणि दहा-पंधरा वर्षे न लागणाराच समभागांत, अशी सरळ विभागणी पुष्कळांना तारून नेईल.

आपल्या संस्थांना हे शहाणपण नवे नाही. ध्रुवफंडाच्या मुद्दलास हात न लावता व्याजातून खर्च करावा, हा दंडक त्याच विचारातून आला. पन्नास वर्षे टिकलेल्या संस्थेपुढे उभे राहून याहून वेगळे काय सांगावे? तोच दंडक प्रत्येकाने आपल्या घरच्या वहीत उतरवून घ्यावा, अशी विनंती करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!