अर्जावरील आडनांव



गतवर्षीं आमच्या गायनवृंदांतील एक मुलगी गायनस्पर्धेच्या निवडचांचणीस गेली, तेव्हां आम्हीही सोबत होतों. आडनांव ऐकतांच एका परीक्षकांनीं विचारिलें, "तुम्हां लोकांस अभंग जमेल काय?" तिनें तो गाइला, मात्र पहिल्याच चरणांत आवाज कांपला, व निवड झाली नाहीं. परततांना ती म्हणाली, "पुढच्या वेळीं मी आडनांव लावणारच नाहीं." आम्हांस निकालापेक्षां हें वाक्य अधिक लागलें.

प्रश्न आकसाचा होता कीं अज्ञानाचा, हें आम्ही छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. स्वरही खरोखरच ढळला होता. परंतु अज्ञान असल्यास त्यांत आमचाही वांटा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवींत रचिलें. तें १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ही गोष्ट आमच्याच किती घरांत ठाऊक आहे? मग परीक्षकांस ती कोठून असणार!

त्या मुलीनें आतां याच ओव्या तालमीस घेतल्या आहेत. यंदाच्या चांचणीचा अर्ज तिनें भरला असून त्यावर आडनांव पूर्ण लिहिलें आहे. तें आम्ही स्वतः पाहिलें.